उजवीकडचा दांडा

खंडेनवमीला एक नंबरच्या पंपाला लाल ऑइलपेंटचा एक हात द्यायचा, असा डुंबऱ्यांच्या कारखान्यातला रिवाज होता. पंप सत्त्याहत्तर सालचा, पाठीवर घ्यायचा, इथे बनलेला पहिलाच. आजवर एकोणपन्नास हात बसले होते आणि आत पत्रा किती उरलाय हे छातीठोकपणे सांगणारा कुणी नव्हता. झाकण उघडत नव्हतं, नळी वाकत नव्हती, दांड्याची मूठ फुगून बाजारातल्या काकडीएवढी झाली होती. वणवा विझवायला जन्माला आलेली ही वस्तू, वणवा खरंच पिंपळवंडीपर्यंत आला असता तर कारखान्यात सगळ्यांत आधी पेटली असती.

वैजयंतीने हे वाक्य स्मरणिकेत लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं.

स्मरणिका तिच्याकडे आली, कारण डुंबऱ्यांच्या घरात पुस्तकं विकत घेणारी ती एकटीच होती आणि नारायणगावच्या ज्युनिअर कॉलेजात सव्वीस वर्षं इतिहास शिकवत होती. 'वणवाविजय पंप : पन्नासाव्या वर्षात पदार्पण.' चोवीस पानं. तेवीस छापखान्यात गेली होती. पहिलंच अडलं होतं, आणि छापखानेवाल्याने आज संध्याकाळी पाचची मुदत दिली होती.

पान अडलं होतं दांड्यापाशी.

पाठीवरच्या पंपाचा दांडा डाव्या हाताला असतो. डाव्याने हापसायचं, उजव्याने नळी धरायची. टोमॅटोवर औषध मारणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. वणवाविजयचा दांडा तेवढा उजवीकडे होता. त्यामुळे राज्यातले वनरक्षक एकोणपन्नास वर्षं डाव्या हातात नळी धरून आगीवर नेम धरत आले होते, आणि पुष्कळदा तो शेजारच्या वनरक्षकाला लागत होता.

असं का, याची कंपनीकडे चार उत्तरं होती, चार कॅटलॉगांत छापलेली. पहिल्यात 'खास सह्याद्रीच्या चढणीसाठी'. दुसऱ्यात 'हृदयावर ताण येत नाही'. तिसरा कॅटलॉग थोरले दीर भरतदादा वास्तुतज्ज्ञांच्या नादी लागले त्या काळातला; त्यात आग्नेय दिशा आली होती. चौथ्यात 'युनिक एर्गोनॉमिक डिझाइन' असं होतं. ते दादांच्या मुलाने, समर्थने लिहिलं होतं. समर्थ इंजिनिअर होता. ते लिहिल्यावर दोन दिवस आपल्याला जेवण गेलं नाही, असं तो खाजगीत सांगायचा.

हे सगळं आणखी पन्नास वर्षं सुखाने चाललं असतं. वनखात्याला जुन्नरात बिबट्यांतून सवड मिळाली की ते वणव्यांकडे बघत असे, आणि पंपाकडे बघण्याची पाळी तर कधी आलीच नव्हती. पण यंदा कुणीतरी सवड काढली. नव्या टेंडरात साफ लिहिलं होतं : दांडा डाव्या बाजूस असावा. नमुना परवा पुण्याला दाखवायचा होता. टेंडर गेलं तर वैजयंतीच्या नवऱ्याच्या, सुभाषच्या मशीनशॉपमधली बत्तीस माणसं दिवाळीनंतर घरी बसणार होती. समर्थने डाव्या दांड्याचा नमुना तयारही ठेवला होता. अडली होती ती सही.

आबांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची, रखमाजी डुंबऱ्यांची सही. एकोणऐंशीच्या भागीदारीपत्रात आबांनी एक कलम घालून ठेवलं होतं, की माझ्या लेखी संमतीवाचून पंपाचा दांडा हलवायचा नाही. वकिलाने तेव्हा विचारलं होतं, "दांडा, की डिझाइन?" आबा म्हणाले होते, "दांडा." बाकीचा पंप हवा तसा बदला. टाकी पितळेची होती ती प्लॅस्टिकची झाली, आबांनी चकार शब्द काढला नाही. पट्टे बदलले, रंग बदलला. दांड्याचं नाव काढलं की ते उठून गोठ्यात जायचे. गोठ्यात आता म्हैस नव्हती, तरी जायचे.

"तू फक्त वाचून दाखव," सकाळी भरतदादांनी तिला बजावलं होतं. "पहिलं पान. जरा दाबून लिहिलंय ना त्यांच्याबद्दल?"

"लिहिलंय."

"डोळ्यांत पाणी येईल आसं?"

"दादा, आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनलासुद्धा पाणी आलं नव्हतं."

"तू वाच तर. म्हातारं जरा खूष दिसलं की मी कागद पुढं करतो. सुभाष, तू पेन धर."

सुभाषने मान हलवली. हे दोघे भाऊ एका बाजूला बसल्याचं वैजयंतीने दहा वर्षांत दोनदा पाहिलं होतं, एकदा सासूबाईंच्या दहाव्याला आणि एकदा वर्ल्डकपच्या फायनलला. बोअरवेलच्या भांडणानंतर तर ते एकमेकांशी समर्थच्या मार्फत बोलायचे. आज दोघांच्या कपाळाला एकाच ताटलीतलं गंध होतं.

पूजेला शेडमध्ये सगळी मशिनं धुऊन पुसून उभी होती. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला माळ, वेल्डिंगच्या टोपीला हळदीकुंकू. मधोमध पाटावर एक नंबरचा पंप. त्याच्या मागच्या भिंतीवर आबांचा तो प्रसिद्ध फोटो : पस्तिशीतले रखमाजी, पाठीवर पंप, उजवा हात दांड्यावर, डाव्या हातात नळी. नळीचं तोंड थेट फोटोग्राफरकडे. आजवर सगळे त्याला आबांचा करारीपणा समजत आले होते.

रुपालीताई, भरतदादांची बायको, वैजयंतीच्या जवळ सरकल्या.

"शेवटच्या परिच्छेदात समर्थचं नाव घेतलंस ना गं? नवीन मॉडेल त्याचंच आहे."

"घेतलंय, ताई."

"फोटोसकट?"

"आबांच्या शेजारी."

"उजव्या बाजूला?"

"कुठल्याही बाजूला चालेल ना?"

"नाही गं. त्याची ती बाजू चांगली येते."

आबा खुर्चीत बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, पायांत कारखान्यातले सेफ्टी शूज. शूज ते पूजेलाही काढत नसत. वैजयंतीने चष्मा लावला आणि वाचायला घेतलं.

"सत्त्याहत्तर सालचा फाल्गुन. भीमाशंकरच्या डोंगराला लागलेला वणवा पाहून पिंपळवंडीच्या एका तरुण कारागिराच्या मनात एक ठिणगी—"

"कुठनं पाह्यला?" आबा म्हणाले.

"काय?"

"वनवा. कुठनं पाह्यला?"

"आबा, भीमाशंकरचा..."

"पिंपळवंडीतनं भीमाशंकर दिसतं व्हय? मधी आख्खा आंबेगाव तालुका हाय. अन् मी तवर भीमाशंकर बघितलं बी नव्हतं. मला घाटात गाडी लागायची."

"आबा, ती लिहायची एक पद्धत आसती," भरतदादा म्हणाले.

"आसंल. मंग माझी सही बी एका पद्धतीचीच हाय. तीबी तुमीच लिवा."

सुभाषने पेनाचं टोपण लावलं.

तेवढ्यात शेडच्या दारातून सखूबाई आल्या.

सखूबाई तळपे दर खंडेनवमीला यायच्या. भीमाशंकरच्या खालच्या अंगाला त्यांची वाडी. तिथून जीपने घोडेगाव, मग दोन एसट्या. सोबत पिशवीत सुकवलेले बाळहिरडे आणायच्या आणि जाताना साडी-नारळ न्यायच्या. पूजेचा पहिला नारळ त्यांचा, हेही ठरलेलं. त्यांचा नवरा गेणभाऊ सुरुवातीच्या काळात कारखान्यात मदतीला होता आणि एक्याऐंशी साली वारला. साडीची रीत वैजयंतीच्या सासूबाईंनी, प्रयागबाईंनी लावली. त्या गेल्यावर कुणी मोडली नाही. फार विचारही केला नाही. नारायणगावच्या दुकानदाराला फोन केला की तो 'सखूबाईवाली' साडी काढून ठेवायचा. स्मरणिकेत अकराव्या पानावर गेणभाऊला अर्धी ओळ होती : 'या कामी गेणभाऊ या मदतनिसाचेही सहकार्य लाभले.'

आमदार आले तरी खुर्चीतून न उठणारे आबा उठले.

"या वयनी. गाडी मिळाली का बसाया?"

"मिळाली. उभ्यानंच आले, पर गाडी मिळाली."

वैजयंतीने हे दरवर्षी ऐकलं होतं आणि आज पहिल्यांदाच ऐकलं. मदतनिसाच्या बायकोला आबा वहिनी म्हणत होते. कारखान्यात आजवर दोनशे कामगार येऊन गेले असतील. त्यांच्यातल्या एकाच्याही बायकोला आबांनी कुठलंही नातं लावलेलं तिला आठवेना.

भरतदादांना डाव फिसकटलेला दिसत होता. त्यांनी दुसरा डाव काढला.

"समर्थ, मावशींना नवीन पंप दाखव की. आबांना बी दिसूद्या, काय वाईट झालाय का ते."

समर्थने नमुना पाठीवर चढवला. डाव्या हाताने दांडा हापसला, उजव्या हातातली नळी शेडच्या दाराबाहेर धरली. पाण्याची धार सरळ जाऊन जुन्या टायरांवर आपटली. नेम चांगलाच होता. कामगारांपैकी कुणीतरी टाळी वाजवली आणि आबांकडे बघून थांबवली.

सखूबाई पदराला हात पुसत बघत होत्या.

"ब्येस झालाय," त्या म्हणाल्या. "पर ह्यो तुमच्या हाताचा झाला."

"आमच्या म्हणजे?" समर्थने विचारलं.

"उजव्या मानसाच्या. त्यो तिकडचा," त्यांनी पाटावरच्या एक नंबरकडे हनुवटी केली, "त्यो आमच्या मानसाच्या हाताचा."

"कोणाच्या?"

"गेणभाऊच्या. आनिक कुनाच्या? डावरा व्हता त्यो. जेवायचा डाव्या हातानं, म्हून माझी सासू त्येला पंगतीत कडंला बसवायची. कोयता डावा, गोफन डावी. हितं येऊन तीन महिनं बसला नि पंप केला, त्योबी आपल्याच हाताच्या बेतानं. नळी डाव्यात, दांडा उजव्यात. मी म्हनलं, आवं, बाकीच्या मानसांनी कसा धरायचा? तर म्हनला, शिकतील."

राज्यातले वनरक्षक शिकले होते, हे खरं होतं.

मग हळूहळू सगळ्यांच्या माना भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या. पस्तिशीतले रखमाजी डाव्या हातात नळी धरून उभे होते, शेपटीला धरलेल्या उंदरासारखी. करारीपणा कुठे दिसत नव्हता. नळी कुठं करू, एवढं एकच चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणजे एर्गोनॉमिकच होतं," समर्थ स्वतःशीच म्हणाला. "एका माणसापुरतं."

भरतदादा सावरले. "मावशी, केला म्हणजे मदत केली, आसं ना?"

"तसं म्हना. मला काय त्यातलं कळतंय? चा हाय का?"

"केला म्हंजी केला," आबा म्हणाले.

ते पुन्हा खुर्चीत बसले होते आणि बुटांकडे बघून बोलत होते.

"आला व्हता औषध मारायचा फुटका पंप घिऊन. म्हनला, हिरड्याला दरसाली वनवा लागतोय, फांद्यांनी झोडपून हात भाजत्यात, ह्येच्यात पानी घिऊन डोंगर चढता यील आसं कायतरी कर. मी म्हनलं व्हनार न्हाई. म्हनला, मंग मला बसाया जागा दे. दिली. मी वेल्डिंग तेवढं केलं. लई चांगलं केलं व्हतं वेल्डिंग. बाकी समदं त्येचं. ती मूठबी हिरड्याच्या लाकडाची, वरनं घिऊन आलेला."

"आबा, मग नाव...?" वैजयंतीने विचारलं.

"सरकारी फॉर्मवर रकाना एकच व्हता. मानसं दोन. त्येला सही येत नव्हती. म्हनला, तुमचंच लिवा. मी म्हनलं, पुढच्या फॉर्मला तुझं घालू. अन् मंग कावीळ झाली त्येला."

"ती एक्याऐंशीला. मधे चार वर्षं होती. चार वर्षांत पुढचा फॉर्म आलाच नाही?"

सव्वीस वर्षांची सवय होती. बोलून गेल्यावर तिला वाटलं, बोलायला नको होतं.

"आले की," आबा म्हणाले. "सात आले."

बाहेर हायवेवरून ऊसतोडीचा ट्रॅक्टर मोठ्याने गाणं लावून गेला. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"नाव न्हाई लावलं. दांडा तेवढा त्येनं ठिवला तिथं राहू दिला. तुमी त्योबी काढाया निघालाय."

वैजयंती खाली बघत राहिली. हातातल्या पानावर ठिणगी होती, फाल्गुन होता, तरुण कारागीर होता. साधनं तपासल्याशिवाय इतिहास लिहायचा नाही, हे ती दर जूनमध्ये पहिल्या तासाला मुलांना सांगायची. आणि घरी चालत येणाऱ्या साधनाला ती सव्वीस वर्षं चहा पाजून, हातात साडी ठेवून एसटीत बसवून देत होती.

रुपालीताई हलक्या आवाजात बोलल्या. त्यांचा हलका आवाज कॅन्टीनपर्यंत जात असे. "हे असं छापलं तर उद्या यांची नातवंडं हिस्सा मागायला उभी राहतील. वकिलाला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही."

"दोन नाती हायत मला," सखूबाई म्हणाल्या. चहा आला होता, त्या बशीत ओतत होत्या. "थोरली समृद्धी पोलिसात हाय, धाकटी नर्स. त्येंना माझा फोन उचलाया टाइम न्हाई, तुमचा पंप कुठनं मागत्यात?"

"पोलिसात?" रुपालीताई म्हणाल्या आणि थोड्या मागे सरकल्या.

भरतदादांनी हात जोडून घेतले, पूजेला जोडतात तसे. "आबा, झालं ते झालं. मला मान्य. आता माझं ऐका. तुम्ही आज सही करा. परवा नमुना जाऊद्या. गेणभाऊंचं नाव आपण घेऊ, चांगलं सविस्तर घेऊ. पुढच्या स्मरणिकेत."

"ह्येच," आबा म्हणाले, "मी सात येळा म्हनलोय."

भरतदादांचे हात जोडलेलेच राहिले.

"आधी नाव, मंग सही," आबा म्हणाले. "मी बी आता किती फॉर्म बघनार?"

"आबा, तेवीस पानं छापून झाली. अकरा ठिकाणी लिहिलंय, संस्थापक-संशोधक रखमाजी. लोकं हसतील. वैजयंती, सांग की तू."

सगळे वैजयंतीकडे बघायला लागले. अकरा नव्हे, चौदा ठिकाणी होतं; तिनेच लिहिलं होतं. पहिलं पान बदललं की बाकीची तेवीस पानं खोटी ठरत होती, आणि त्यांच्याखाली संपादिका म्हणून नाव तिचं होतं. कॉलेजात प्रती वाटायचं प्राचार्यांना कबूल करून बसली होती. स्टाफरूममध्ये वर्षभर पुरेल एवढं होतं. न बदलावं तर सही नाही, टेंडर नाही, आणि बत्तीस माणसं इथेच मशिनांशेजारी नवे शर्ट घालून उभी होती.

"छापखान्याला किती वाजेपर्यंत चालतंय?"

हे सुभाषने विचारलं. घरातल्या चर्चेत सुभाष सहसा जेवणाची वेळ विचारण्यासाठी तोंड उघडत असे.

"पाच."

"मग लिही."

"सुभाष," भरतदादा म्हणाले, "सकाळी तू माझ्या बाजूला व्हतास."

"सकाळी तो नुसता दांडा होता, दादा." सुभाषने पेनाचं टोपण काढलं आणि पेन बायकोच्या हातात दिलं.

भरतदादा धंदेवाईक माणूस होते. वारा फिरला की शीड फिरवायला त्यांना फार वेळ लागत नसे. अर्ध्या मिनिटात ते वैजयंतीच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले आणि सांगायला लागले. "मग नीट लिही. लिही, 'सह्याद्रीच्या कुशीतले थोर आदिवासी संशोधक, वनांचे तारणहार, ज्यांच्या प्रेरणेने'... टेंडरला बी जोडता येईल हे. समर्थ, याचा एक व्हिडिओ होईल का रे?"

"दादा, थांबा जरा."

तिने फाल्गुन खोडला. ठिणगी खोडली. तरुण कारागीर खोडला. पान जवळजवळ कोरं झालं. मग तिने तीन वाक्यं लिहिली आणि वाचून दाखवली.

"वणवाविजयचा पहिला पंप गेणभाऊ तळपे यांनी बनवला. ते डावखुरे होते. पंपाचा दांडा उजवीकडे आहे, तो त्यामुळे."

"एवढंच?" भरतदादा म्हणाले.

"माझं वेल्डिंग?" आबा म्हणाले.

तिने चौथं वाक्य लिहिलं. "वेल्डिंग रखमाजी डुंबरे यांनी केलं."

आबांनी मान डोलावली. वैजयंतीने सखूबाईंकडे पाहिलं. म्हातारी बशी तोंडाशी धरून ऐकत होती. डोळ्यांना पदर लावेल, काही बोलेल, असं सगळ्यांना वाटत होतं. समर्थने तर मोबाइल अर्धा वर केला होता.

"नुसतं गेणभाऊ तळपे नका लिवू," सखूबाई म्हणाल्या. "बापाचं नाव घाला. सावळेराम."

"घालते. पण का हो मावशी?"

"आमच्या वाडीत गेणभाऊ तळपे तीन. त्यातला एक आजून जित्ता हाय नि लई बोलतो. उद्या म्हनंल, मीच केला."

वैजयंतीने 'सावळेराम' घातलं. सखूबाईंनी ते अक्षर कुठे पडलं ते बोटाने दाखवायला लावलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं, काढलं, मग चहा संपवला.

आबांनी संमतीच्या कागदावर सही केली. सही झाल्यावर ते नमुन्याच्या पंपाकडे बघून समर्थला म्हणाले, "घे डावीकडं. टोमॅटोवाल्यांसारखा कर. पर एक नंबरला हात लावायचा न्हाई."

"नाही लावत, आबा."

कागद लागलीच फाइलमध्ये गेला, फाइल भरतदादांच्या काखेत. रुपालीताईंनी साडीची पिशवी सखूबाईंच्या हातात ठेवली आणि, पोलिसाचं लक्षात राहिल्यामुळे असेल, वाकून नमस्कारही केला. सखूबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"हिरवीच?"

"का? आवडत नाही?"

"आवडती की. पंचेचाळीस हायत. वाडीत मला लांबनं वळखत्यात."

रुपालीताईंनी दुकानदाराला फोन लावायला बाहेर जाणं पसंत केलं.

आता रंग तेवढा राहिला होता. थोरल्या मुलाने द्यायचा, ही रीत. भरतदादांनी फाइल सुभाषकडे दिली, आणि दोघांपैकी कुणालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांनी डबा उघडला, ब्रश बुडवला, टाकीवरून पन्नासावा हात फिरवला. मग सवयीने ब्रश दांड्याकडे वळला.

"मुठीला नको," सखूबाई म्हणाल्या.

ब्रश थांबला.

"रंग लावला की हात सटकतो. त्येला आवडायचं न्हाई. पयल्या साली रखमाभाऊंनी लावला, तवा कोयत्यानं खरवडून काढला व्हता त्येनं. धा दिस बोलत नव्हता."

सगळ्यांनी त्या लाल काकडीकडे पाहिलं. भरतदादांच्या ब्रशवरून एक थेंब पाटावर पडला. एकोणपन्नासांतले तीस-बत्तीस हात त्यांचे स्वतःचे होते, मन लावून दिलेले.

आबा उठले. "सुभ्या, कानस आन. अन् ती जुनी पटाशी."

"मी काढतो आबा, तुम्ही बसा."

"आन म्हनलं ना."

सुभाषने पटाशी आणली. आबा पाटासमोर फतकल मारून बसले, सेफ्टी शूज पसरून, आणि मूठ खरवडायला लागले. रंग सालपटांसारखा निघत होता. लाल, त्याखाली जरा जुना लाल, त्याखाली एक वर्ष भगवा निघाला. तो कुणाच्या कारकिर्दीतला यावर दोघा भावांत थोडा वाद झाला आणि मिटला. मग पुन्हा लाल. कामगार जेवायला गेले, जेवून आले. समर्थने एकदा मशिनवर पॉलिश करून आणतो म्हणून सुचवलं. आबांनी त्याला झाडू आणायला पाठवलं. सखूबाई शेजारी बसून हिरडे निवडत होत्या. आबा मधेच थांबून मूठ त्यांच्यापुढे धरायचे आणि त्या म्हणायच्या, "आजून हाय."

चारच्या सुमाराला लाकूड लागलं. काळं पडलेलं, गुळगुळीत, मधे किंचित दबलेलं. ही मूठ दोन बोटांएवढी बारीक असेल असं कारखान्यातल्या कुणालाच वाटलं नव्हतं. सखूबाईंनी तिच्यावर हात ठेवला, जरा दाबून पाहिली.

"झाली," त्या म्हणाल्या. "मला साडेचारची गाडी हाय."

सुभाष त्यांना स्टॅंडवर सोडायला गेला. वैजयंतीने पहिलं पान मोबाइलवरून छापखान्यात पाठवलं. पाचाला दहा कमी असताना तिकडून फोन आला.

"मॅडम, पान मिळालं. तीनच ओळी आहेत, बाकी काय मागून येतंय का?"

"नाही. तेवढंच आहे."

"बरं. मग आबांचा फोटो मोठा करून टाकतो, पान भरंल."

"आबांचा नको. पहिलं नाव ज्यांचं आहे, त्यांचा लागेल."

"मग पाठवा ना लवकर. प्लेट थांबलीय."

वैजयंतीने शेडमध्ये पाहिलं. गेणभाऊचा फोटो कुणी कधी काढला नव्हता. आबा अजून पाटासमोर बसून मांडीवरची लाल सालपटं झटकत होते. दारातून येणारं ऊन पंपाच्या उजव्या बाजूला पडलं होतं. ती पुढे झाली, गुडघ्यावर बसली, जवळून एक फोटो काढला आणि पाठवून दिला.

दोन मिनिटांनी पुन्हा फोन वाजला.

"मॅडम, काहीतरी गडबड झाली. यात माणूस नाही आला. नुसता दांडा आलाय."

"बरोबर आलाय," वैजयंती म्हणाली. "छापा."